सील लागण्याआधी

टेबलावरचा एक कोरा ए-4 कागद उचला आणि तळहातावर आडवा ठेवा. डोळे मिटा. 80 जीएसएमचा कागद असेल, तर त्याचं वजन 5 ग्रॅम भरतं. हाताला फारसं काही कळत नाही. आता मनातल्या मनात त्यावर दुसरा ठेवा, तिसरा ठेवा, असे 500 होऊ द्या. हे झालं एक रीम, अडीच किलो. आता मनगटाला भार लागतो. पाच रिमांचं एक खोकं, साडेबारा किलो; ते उचलायचं तर दोन्ही हात लागतात आणि कंबरही लागते. अशी 1,600 खोकी डोळ्यांसमोर आणा. घाई करू नका, एकदम दिसणार नाहीत. भिंतीला लावून एकावर एक, मग त्यांच्या पुढे दुसरी रांग, मग तिसरी. एकूण 20 टन. 40 लाख पानं, आणि त्यातल्या एकावरही अजून अक्षर उमटलेलं नाही.

हा कागद समुद्रापलीकडे जायचा आहे. त्याच्यासोबत पेनं, शाई, स्टेपलर, फायली, फिरत्या खुर्च्या, पोलादी कपाटं, दोन प्रिंटर आणि एक यूपीएस. भिवंडीच्या गोदामातून न्हावा शेवा, तिथून मोम्बासा, आणि पुढे रेल्वेनं नैरोबी. असा माल नेहमीच जातो आणि त्याच्याबद्दल कुणी विचार करत नाही. हापूस गेला तर बातमी होते, स्टेपलर गेल्याची होत नाही. आज आपण या सामानासोबत सावकाश चालू. वाटेत बऱ्याच गोष्टी दिसतील, पण मन एकाच जागी पुन्हा पुन्हा आणायचं आहे. कंटेनरच्या दाराला सील लागलं की आतल्या मालासाठी कुणालाच फारसं काही करता येत नाही. जी काळजी घ्यायची, जो खरेपणा पाळायचा, तो त्याआधीच.

रिकाम्या कंटेनरपाशी या. वीस फुटी आहे. आतून लांबी साधारण 5.9 मीटर, रुंदी 2.35, उंची 2.39. कागद यातच जाईल. आत पाऊल टाका. खाली जाड प्लायवूडची जमीन आहे. वाकून तिच्यावर हात फिरवा. आधीच्या मालाचा एखादा खिळा वर आलेला असेल, कुठं तेलाचा डाग असेल, कुठं ओल. नाकानंही तपासा, कारण मसाल्याचा किंवा रसायनाचा वास बंद पेटीत कागद आणि खुर्चीचं कापड दोन्ही धरून ठेवतात. आता बाहेर एक माणूस उभा ठेवा आणि त्याला दोन्ही दारं लावायला सांगा.

अंधार होईल. तसेच उभे राहा. डोळे सरावू द्या. मग छताकडे पाहा, चारही कोपऱ्यांकडे पाहा, दाराच्या रबरी पट्टीच्या कडेनं नजर खाली आणा. कुठं उजेडाचा ठिपका दिसतो का? सुईच्या टोकाएवढाही चालेल. जिथून उजेड येतो तिथून पाणी येणार. स्टफिंगआधीची, म्हणजे माल भरण्याआधीची, ही तपासणी फार जुनी, फार साधी आहे, आणि तिला कुठलंही यंत्र लागत नाही. ठिपका दिसला, तर हा कंटेनर परत पाठवायचा. ट्रक खोळंबेल, वाहतूकदार कुरकुरेल, तरीही.

अजून दार उघडू नका. या अंधारात एक गोष्ट मनाशी धरा. पुढचे कित्येक दिवस तुमचा माल याच अंधारात असणार आहे. ट्रेलरचा ड्रायव्हर तो ओढेल, क्रेनवाला उचलेल, कप्तान वाहून नेईल, रेल्वे चढावर नेईल. यांतल्या कुणालाही आतलं दिसणार नाही. जहाज कंपनी जे बिल ऑफ लेडिंग देते, त्यावरही मालाच्या वर्णनाआधी एवढंच लिहिलेलं असतं, की आत अमुक असल्याचं पाठवणाऱ्यानं सांगितलं आहे. कंपनीनं पाहिलेलं नाही, मोजलेलं नाही. सगळी साखळी तुमच्या शब्दावर चालते. मला हे फार मोठं वाटतं. ज्या कागदावर लाखो रुपयांचा माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो, बँक पैसे मोकळे करते, त्या कागदाच्या मुळाशी न पाहिलेल्या माणसाच्या सांगण्यावरचा विश्वास आहे.

आता दार उघडायला सांगा.

कागद भरायला लागतो. हे काम यंत्राचं नाही. पॅलेट असेल तर फोर्कलिफ्ट येते, पण सुटी खोकी हातानं लागतात, आणि ते हात माथाडींचे असतात. महाराष्ट्रात 1969 साली माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांनी या लोकांना संघटित केलं, तेव्हा कुठं पाठीवरच्या ओझ्याला नोंदणी, मजुरीचा ठरलेला दर, भविष्यनिर्वाह निधी मिळण्याची वाट मोकळी झाली. सुरुवातीला तुम्ही एक खोकं मनानं उचललं होतं. आता पाहा: चार माणसं 1,600 खोकी उचलत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला 400 येतात. म्हणजे एका माणसाच्या हातून 5 टन. एका श्वासाला एक खोकं, असं धरून थोडा वेळ बसा. चारशेपर्यंत पोहोचायची गरज नाही. विसाव्या-पंचविसाव्याला मनच थकतं, आणि तेवढं पुरे.

कागद आणि खुर्ची यांच्यात मोठा फरक आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय समुद्रमार्गे माल पाठवणं समजत नाही. कागद घट्ट असतो. त्यानं चाळीस फुटी कंटेनर भरायला घेतला तर निम्मी जागा भरते न भरते तोच वजनाची मर्यादा येते. म्हणून तो वीस फुटीत जातो; खुर्च्या-कपाटं दुसऱ्या कंटेनरात. खुर्ची मात्र बहुतेक हवाच असते. जोडलेली खुर्ची जशीच्या तशी ठेवली, तर तिच्या पायांमधली, हातांमधली, पाठीमागची पोकळी तुम्ही भाडं भरून आफ्रिकेला पाठवता. म्हणून ती सुटी करून पाठवतात: पंचकोनी पाय वेगळा, गॅस लिफ्ट वेगळी, बैठक वेगळी, पाठ वेगळी. पोलादी कपाटाचंही तेच, त्याचे पत्रे सपाट बांधले तर एका कपाटाच्या जागेत कितीतरी मावतात. पूर्ण कंटेनर न घेता दुसऱ्यांच्या मालासोबत थोडाच माल पाठवणाऱ्याला हा हिशोब जास्त टोचतो, कारण तिथं एक घनमीटर आणि एक टन यांना बरोबरीचं धरतात आणि जे जास्त भरेल त्यावर भाडं लावतात. कागद पाठवणारा कागदाचेच पैसे देतो, खुर्ची पाठवणारा पोकळीचे.

या पोकळीपाशी जरा थांबा. भाड्याचा प्रश्न सोडला तरी पोकळी धोक्याचीच असते. जहाज उभं, आडवं, तिरकं हलतं. एकदा नाही, दिवसरात्र. खोक्यांमध्ये वीतभर मोकळी जागा राहिली, तर पहिल्या दिवशी खोकं वीतभर सरकतं. दुसऱ्या दिवशी त्याचा कोपरा दबलेला असतो, म्हणजे जागा वाढलेली असते. चौथ्या दिवशी वरची रांग खाली येते. देवगडचा बागायतदार आंब्याच्या पेटीत पेंढा दाबून बसवतो, तो आंबा हलू नये म्हणूनच. इथं पेंढ्याच्या जागी हवेच्या पिशव्या, लाकडाचे ठोकळे, पट्टे, पुठ्ठ्याचे कोपरे. जड खाली, हलकं वर. वजन एका बाजूला झुकलेलं नको, मागे किंवा पुढे साठलेलंही नको.

आणि शेवटची रांग, दाराजवळची. तिच्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. इथं घाई होते, कारण ट्रक निघायची वेळ झालेली असते. पण नैरोबीत जो माणूस हे दार उघडेल, तो थेट या रांगेसमोर उभा असेल. त्याला तुम्ही कधी पाहणार नाही. वाटेत रांग सुटली असेल, तर दाराला टेकून उभं असलेलं कपाट त्याच्या छातीवर येईल. म्हणून दारापाशी आडवे पट्टे ताणायचे, फळी लावायची. त्या माणसाचा चेहरा मनात आणायचा प्रयत्न करा. येणार नाही. चेहऱ्याशिवायच त्याच्यासाठी पट्टा घट्ट करा.

आता पाण्याकडे वळू. बाहेरचं पाणी आपण अंधारात उभं राहून शोधलं. आतलं पाणी दिसत नाही. कोरड्या ठणठणीत वाटणाऱ्या कागदातही पाणी असतं. वजनाच्या शेकडा पाच धरलं, तर आपल्या 20 टनांत जवळजवळ 1,000 लिटर. लाकडी पॅलेट ओलसर असेल तर त्यात आणखी. आणि जुलैच्या पावसात दारं उघडी ठेवून माल भरला असेल, तर भिवंडीची ओली हवाही आत कोंडली जाते. दिवसा डेकवर पत्रा तापतो, आतली हवा पाणी ओढून घेते. रात्री पत्रा गार पडतो आणि ते पाणी छताच्या आतल्या बाजूला थेंब होऊन लागतं. मग खाली पडतं. मोम्बासा ते नैरोबी हा प्रवासही विसरू नका, समुद्रसपाटीवरच्या उकाड्यातून साधारण 1,700 मीटर उंचीवरच्या गार रात्रीत. एकही भोक नसलेल्या कंटेनरात पाऊस पडतो तो असा. त्यासाठी ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतात, वरच्या थरावर जाड कागद पसरतात, वाळलेलंच लाकूड वापरतात. ज्यांच्या हातून एकदा फुगलेली, पिवळट कडांची रिमं निघाली आहेत, ती माणसं या पिशव्यांवर पैसे वाचवत नाहीत.

लाकडाचं आणखी एक आहे. पॅलेटच्या बाजूला गव्हाच्या लोंबीसारखं एक चिन्ह आणि शेजारी एचटी अशी अक्षरं डागलेली दिसतील. याचा अर्थ हे लाकूड इतकं तापवलं आहे, की त्याचा गाभा निदान 30 मिनिटं 56 अंश सेल्सिअसला राहिला. लाकडात लपलेल्या किड्यांसाठी हा नियम आहे. 1996 साली न्यूयॉर्कमध्ये लांब शिंगांचा आशियाई भुंगेरा सापडला, तो माल बांधायच्या लाकडातून आला असावा असं मानलं जातं, आणि त्याच्यापायी तिथली हजारो झाडं तोडावी लागली. आपल्या खुर्च्यांखालचं लाकूड केनियातल्या झाडांच्या जवळ जाणार आहे. तिथल्या एका झाडाची कल्पना करा, ज्याला आपल्या मालाशी काही देणंघेणं नाही. त्याचीही काळजी या 30 मिनिटांत आहे.

यूपीएस उरला. त्यात बॅटरी आहे. बॅटऱ्या, काही रसायनं, पेटणारे द्रव हे समुद्री वाहतुकीच्या नियमांत धोकादायक माल ठरतात. ते वेगळे जाहीर करावे लागतात, त्यांचे कागद वेगळे, जहाजावर त्यांची जागाही ठरवून दिलेली. इथं मोह होतो. एकच तर आहे, कपाटांच्या मागे कुणाला दिसणार? यादीत ‘ऑफिसचं सामान’ लिहिलं की झालं.

या मोहापाशी बसून 14 एप्रिल 1944 ची दुपार आठवा. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज उभं होतं. त्यात शेकडो टन स्फोटकं होती, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठीही. सोनंही होतं. कापसाला आग लागली, ती स्फोटकांपर्यंत पोहोचली. गोदी उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसं गेली, जळता कापूस आसपासच्या वस्त्यांवर पडला. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवान त्यात मोठ्या संख्येनं गेले. 14 एप्रिलला देशात अग्निशमन सेवा दिवस पाळतात तो त्यांच्यासाठी. कशाशेजारी काय ठेवलं आहे, हे ठाऊक असणं म्हणजे काय, ते मुंबईला फार मोठी किंमत देऊन कळलेलं आहे. एका यूपीएसची आणि त्या जहाजाची तुलना होत नाही. पण जहाजावर आग लागली, तर ती विझवायला जाणारा खलाशी यादी वाचूनच पाऊल टाकतो. यादीत जे नाही, त्याच्यासाठी तो तयार नसतो. बॅटरी यादीत लिहा. ती वेगळी पाठवावी लागली तर वेगळी पाठवा.

वजनही असंच खरं लिहायचं. 1 जुलै 2016 पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. त्याआधी अंदाजानं, कधी जाणूनबुजून कमी, वजनं लिहिली जात, आणि हलका समजून जड कंटेनर वर ठेवला गेला, तर सगळी रास कलंडायचा धोका असे. एका माणसाच्या खोट्या आकड्याचा भार त्याच्या खालच्या अनोळखी कंटेनरांवर.

आता दारं लावा. डावं आधी, उजवं मग. बोल्ट सील आत सरकवा. ‘टक’ असा आवाज येतो आणि मग ते कापल्याशिवाय निघत नाही. त्याचा नंबर लिहून घ्या. हाच नंबर आता सगळ्या कागदांवर जाईल. इथून पुढे आपलं काम वाट पाहण्याचं.

ट्रेलर न्हावा शेव्याला पोहोचतो. हे बंदर 26 मे 1989 ला सुरू झालं. क्रेनकडे पाहण्याआधी जमिनीकडे पाहा. इथं शेवा गाव होतं. शेवा कोळीवाड्यातली कुटुंबं उठून उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात गेली. जमिनीला रास्त मोल मागणाऱ्या शेतकऱ्यांचं आंदोलन दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभं राहिलं आणि 16 व 17 जानेवारी 1984 रोजी गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. आपला कंटेनर ज्या यार्डात दोन रात्री ठेवला जातो, तिथल्या भातशेतीला आणि मासेमारीला कुणी तरी मुकलं आहे. भाड्याच्या बिलात ही रक्कम कुठेच दिसत नाही. ती मनात तरी असू द्या.

समुद्राबद्दल थोडंच सांगायचं आहे, कारण समुद्रावर आपल्याला करण्यासारखं थोडंच उरतं. मुंबई ते मोम्बासा सुमारे 2,400 सागरी मैल. पूर्वी शिडाची गलबतं हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर आफ्रिकेला जात आणि नैर्ऋत्य वारे सुरू झाले की परतत. आता यंत्राला वाऱ्याची परवानगी लागत नाही. मोठ्या कंटेनर जहाजावरही वीस-पंचवीस माणसं असतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, गोवा इथल्या कितीतरी घरांत जहाजावर गेलेला एक माणूस असतोच. गोव्यात त्याला तारवटी म्हणतात. 2020 मध्ये साथीच्या काळात बंदरं बंद झाली, तेव्हा जगभरातले लाखो खलाशी करार संपूनही घरी येऊ शकले नाहीत, आणि माल मात्र येत राहिला. आपण तेव्हा घरून काम करायला खुर्च्या आणि टेबलं मागवत होतो.

एक जुना नियम मात्र इथं मनन करण्यासारखा आहे. जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला किंवा वेगळा खर्च आला, तर तो तोटा ज्याचा माल गेला त्याच्या एकट्याचा नसतो. जहाजमालक आणि जहाजावरच्या प्रत्येक मालाचे मालक, सगळे आपापल्या किमतीच्या प्रमाणात तो वाटून घेतात. भूमध्य समुद्रातल्या ऱ्होड्स बेटाच्या नावानं हा नियम रोमन कायद्यात आला आणि आजही चालतो. 2021 च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात अडकलं, तेव्हा तो लावला गेला. ज्यांचा माल धडधाकट होता त्यांनाही आधी हमी भरावी लागली. म्हणजे तुमची पेनं आणि शेजारच्या कंटेनरातलं कुणाचं तरी औषध, कुणाचे टायर, बंदर सोडल्यापासून एकाच नशिबात आहेत. विमा उतरवताना हे लक्षात ठेवा. विमा नसला तरी हे नातं असतंच.

मोम्बासाला किलिंदिनी बंदरात माल उतरतो आणि 2017 साली सुरू झालेल्या नव्या रेल्वेनं नैरोबीकडे निघतो. तिच्या शेजारून जुनी मीटर गेज लाइन जाते. ती 1896 ते 1901 या काळात बांधली, सुमारे 32,000 हिंदी मजुरांनी, बहुतेक पंजाबचे. त्यांतले जवळपास 2,500 तिथंच मेले. नैरोबी शहर त्या रेल्वेच्या डेपोभोवती वाढलं. आज त्याच वाटेनं फायली आणि स्टेपलर जातात.

केनियाला कागद बाहेरून का लागतो, असं मनात येईल. तिथं पश्चिमेला वेबुये इथं मोठी कागद गिरणी होती, बिर्ला समूहाच्या सहभागानं उभी राहिलेली. 2009 मध्ये ती बंद पडली आणि पुढची कित्येक वर्षं बहुतेक काळ बंदच होती. आपल्याकडची उलटी गोष्ट अशी, की मुंबईच्या कचेऱ्यांत एकेकाळी टाइपरायटर परदेशातून जहाजानं येत. 1955 साली गोदरेजनं ते इथंच बनवायला सुरुवात केली. शाईचं त्याहून आधीचं: 1931 मध्ये दिगंबर परशुराम दांडेकरांनी मुंबईत शाई बनवायला घेतली, त्यातून कॅम्लिन उभी राहिली. कुठल्या टेबलावरची वस्तू कुठून यावी, हे कायमचं ठरलेलं नसतं. एका पिढीत जे बंदर माल घेतं, ते पुढच्या पिढीत तोच माल पाठवतं.

नैरोबी. गोदामासमोर कंटेनर लागला आहे. माणूस आधी सीलचा नंबर वाचतो, कागदाशी ताडून पाहतो आणि मग सील कापतो. उजवं दार आधी उघडतं. जाणकार माणूस दाराच्या आड राहून ते सावकाश ओढतो. पट्टा ताणलेला आहे. काही पडत नाही. तो एक खोकं बाहेर काढतो, तळाला हात लावून ओल पाहतो. संध्याकाळपर्यंत हा कंटेनर रिकामा करायचा आहे, कारण ठरल्या मुदतीत तो परत गेला नाही तर रोजचा दंड चढतो. खुर्च्यांची खोकी फोडली जातात. बोल्टची पिशवी कुठं आहे, हा पहिला प्रश्न. भिवंडीतल्या कुणी तरी ती बैठकीच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीनं लावून ठेवली आहे.

या माणसाला आतलं सगळं दिसलं आहे, आणि इतक्या हातांमधून फक्त त्यालाच दिसलं आहे. माल मिळाल्याची पोच आली की तिच्यावर समाधान मानू नका. त्याला फोन लावा. काय हललं होतं, काय ओलसर लागलं, कुठलं खोकं दबलं, काय कमी पडलं, दार उघडताना भीती वाटली का, हे एकेक करून विचारा. तो आधी ‘सगळं ठीक आहे’ म्हणेल. थांबा, त्याला आठवू द्या. मग तो जे सांगेल ते पुढच्या खेपेच्या स्टफिंगच्या यादीवर सगळ्यांत वर लिहा, आणि ती यादी माल भरणाऱ्या माणसांना काम सुरू होण्याआधी वाचून दाखवा.